चारशे साठ पावलांची फेरी

तुम्हा दोघांना,

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही आईची तक्रार केलीत. शाळेला निघताना धाकट्याचा डबा घरी राहिला. गाडी फाटकापासून जेमतेम दहा हात पुढे गेली होती. तरी आईने गाडी मागे घेतली नाही. अख्ख्या वस्तीला वळसा घालून ती पुन्हा समोरून फाटकाशी आली, आणि तोवर शाळेची घंटा होऊन गेली. "आजी, दर वेळी असंच. आई वेडी आहे का?" असं मोठीने विचारलं. तुमची आई मागे भांडी लावत हसत होती. म्हणाली, "आजीला विचारा. तिच्याच घरी सुरू झालं ते."

खरं आहे ते. पण फोनवर सांगायला गेले तर तुम्ही मधे मधे प्रश्न विचाराल आणि माझा धागा तुटेल. आयुष्यभर कॉलेजात इंग्रजी शिकवल्यामुळे मला कुठलीही गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत, क्रमाने सांगायची सवय आहे. म्हणून लिहिते आहे. आईला हे मोठ्याने वाचायला सांगा, पण मधे तिला बोलू देऊ नका. तिला यातलं बरंच माहीत आहे आणि ती फाटे फोडील.

आपल्या नागपूरच्या घराचा वरचा मजला तेव्हा भाड्याने दिलेला होता. तिथे जे गृहस्थ राहत त्यांना सगळी गल्ली कॅप्टन म्हणे. भिवापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, शहरापासून तासाभराच्या अंतरावर, एक लहानशी खासगी शाळा होती. तिथे ते मुलामुलींना विमान चालवायला शिकवत. उंच, जरासे वाकलेले, खाकी शर्ट, पायांत साध्या चपला. डोक्यावर केस नव्हते, पण खिशात कंगवा असे. तो मिशांसाठी. बोलताना अडले की ते कंगवा काढून मिशांवरून दोनदा फिरवत आणि मग बोलत.

राहायला आले त्याच आठवड्यात त्यांनी माझ्या जिन्यातल्या कुंड्यांना हरकत घेतली.

"मॅडम, एक विचारू काय जी? या कुंड्या पायऱ्यांवर काहून ठेवल्या?"

"शोभेसाठी."

"शोभा बाजूनं ठेवा ना. समोर वाट मोकळी पायजे."

भाडेकरूने असं बोलावं हे मला मुळीच आवडलं नाही. दुसऱ्या दिवशी पाहते तर कुंड्या गच्चीवर, ओळीने, पाणी घालून ठेवलेल्या. तिथे त्या जास्त चांगल्या वाढल्या, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

क्रमाने सांगेन म्हटलं खरं, पण कॅप्टन क्रमात बसत नाहीत. त्यांच्याकडे सवयींकडूनच जावं लागतं. त्यातली मोठी सवय ही, की फाटकाबाहेर पाऊल पडलं की ते मागे वळत नसत. चष्मा राहो, किल्ली राहो, पैसे राहोत. ते सरळ चालत जात, चक्कीपाशी उजवीकडे वळत, विजेच्या डीपीला वळसा घालून मारुतीच्या देवळामागून येत आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा आपल्या फाटकात शिरत. मग वस्तू घेऊन नव्याने निघत. ही फेरी चारशे साठ पावलांची आहे. त्यांनी मोजली होती. पुढे मीही मोजली.

चक्कीवाल्यांना रोज सकाळी ती करमणूक होती.

"काय कॅप्टन, आज काय राहिलं?"

"चष्मा."

"अन काल?"

"कालही चष्माच."

"मंग गळ्यात बांधून घ्या ना जी एखाद दिवशी!"

"बांधला तं फेरी कशी होईन?"

एकदा डबा राहिला. मी तो घेऊन धावत गेले, अगदी त्यांच्या पाठीशी पोचले, हाक मारली. ते थांबले नाहीत. समोर पाहतच म्हणाले, "मॅडम, तुम्ही असं आणून द्याल तं माह्या पायाले चुकीचं शिक्षण भेटते." मी डबा धरून मे महिन्याच्या उन्हात उभी राहिले. ते फेरी पुरी करून समोरून आले, डबा घेतला, थँक्यू म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या एका सकाळी ते गॅसवर दूध ठेवून बाहेर पडले. दूध उतू गेल्याचा वास खालपर्यंत आला तेव्हा मी वर धावले, गॅस बंद केला आणि खिडकीतून ओरडले. कॅप्टन फाटकापासून वीस पावलांवर होते. त्यांनी हात वर केला, म्हणजे ऐकू आलं, आणि फेरीला निघाले. येऊन ओटा स्वतः पुसला. मी तावातावाने विचारलं, "दूध गेलं ना सगळं?" तर म्हणाले, "दूध दुसरं येते जी."

मी मनाशी ठरवून टाकलं की माणूस निरुपद्रवी आहे, पण वेडा आहे. आणि नेमकं त्याच वर्षी तुमची आई मला म्हणाली की तिला विमान शिकायचं आहे, आणि कॅप्टनांकडेच.

ती तेव्हा बावीस वर्षांची होती. तुमचे आजोबा त्याआधीच गेले होते. घरात आम्ही दोघीच. तिने माझ्यासारखं शिकवावं, घराजवळ राहावं, असं माझं साधं गणित होतं. आठ दिवस मी तिच्याशी फक्त जेवणापुरतं बोलले. मग एका सकाळी कॅप्टन तर्री-पोह्याचा पुडा घेऊन खाली आले, तेव्हा मी त्यांनाच विचारलं, की तुमच्या त्या फेरीचा अर्थ तरी काय? ज्याच्या हाती मुलगी द्यायची त्याचं डोकं कसं चालतं, ते मला पाहायचं होतं.

त्यांनी कंगवा काढला. मिशांवरून फिरवला.

"मॅडम, विमान उठलं न उठलं अन इंजिन गेलं, तं समोर जे भेटंल त्याच्यावर उतरायचं. थोडं डावं, थोडं उजवं, बस. धावपट्टी मागं राह्यते. पन मागं वळाले जेवढी उंची लागते तेवढी तुमच्याजवळ नसते. वळलं का पडलं."

"हे तर सगळ्यांनाच शिकवत असतील."

"शिकवतेत ना. माह्या दोस्तालेही शिकवलं होतं, माह्यासोबतच. पेपरात त्याले माह्याहून जास्त मार्क." त्यांनी पोह्यांचा पुडा बाजूला सरकवला. "पन पट्टी दिसून राहिली होती त्याले. मानूस दिसते तिकडंच वळते. डोक्याले समजते जी, शरीराले नाही समजत. त्याले रोज शिकवा लागते."

त्या दिवशी मी तुमच्या आईला हो म्हटलं. आनंदाने नाही, पण म्हटलं. दुसऱ्याच आठवड्यात तीही फाटकाबाहेर पडताना वही विसरली आणि चक्कीच्या दिशेने चालू लागली. चक्कीवाले आतल्या गिऱ्हाइकाला सांगताना मी ऐकलं, "घ्या! आता दोन झाले."

कॅप्टनांची आणखी एक गोष्ट मला शिक्षिका म्हणून आवडे. ते जमिनीवर असले की वऱ्हाडी बोलत, विमानात बसले की फक्त इंग्रजी. मधलं काही नाही. तुमची आई सांगे की विमानाचं दार लागलं की त्यांचा आवाजसुद्धा बदलतो. वाक्यं लहान होतात, विशेषणं गळून पडतात. मी मुलांना वर्षानुवर्षं जे सांगून थकले ते या माणसाला कुणी न सांगता येत होतं. दार उघडून पाय खाली टेकला की लगेच, "काय वं पोट्टे, चाय सांगितली काय?"

रविवारी शाळेला सुट्टी असे, पण कॅप्टनांना नसे. ते धावपट्टीच्या टोकापलीकडची शेतं पायी फिरत. पावलांनी मोजत आणि एका निळ्या लांब वहीत लिहीत. एकेका शेताला एकेक पान. कुणाचं, काय पेरलंय, केवढं वाढलंय, विहीर कुठल्या हाताला, बांध केवढा उंच. विद्यार्थी विमानात बसण्याआधी ते विचारत, "समोर काय आहे?" कुणी नुसतं "शेत" म्हटलं की त्याची त्या दिवशीची पाळी गेली. "शेत म्हंजे काय शेत? तूर आहे का हरभरा? तूर तुह्या छातीएवढी राह्यते, हरभरा घोट्याएवढा. कशावर ठेवशील विमान?"

या वहीमुळेच पुढचा घोटाळा झाला.

उन्हाळ्यातल्या एका रविवारी तुमच्या आईसोबत मीही त्यांच्याबरोबर गेले. मुलगी जिथून उडते ती जागा एकदा डोळ्यांनी पाहावी म्हणून. टोकापलीकडे समोर विजेच्या तारा होत्या, उजवीकडे वीटभट्टी, आणि किंचित डावीकडे देवाजीभाऊ नावाच्या शेतकऱ्याचं लांबलचक वावर. हरभरा निघून गेल्यावर ते सपाट आणि मोकळं असे. कॅप्टनांच्या वहीत त्या पानाला दोन रेघा मारलेल्या होत्या, म्हणजे सगळ्यात चांगली जागा. आम्ही बांधावर चढलो आणि कॅप्टन जागीच थांबले. सगळ्या वावरात खड्डे होते. गुडघाभर खोल, ओळीने, दोरी लावून खणलेले.

देवाजीभाऊ बाभळीखाली बसले होते.

"देवाजीभाऊ, हे काय गा?"

"संत्रा लावून राहिलो साहेब. पानीपाऊस आला का कलमं लावतो."

"अन हरभरा?"

"हरभऱ्याले मोबदल्यात कोन पुसते जी? फळझाड असलं तं भाव लागते." मग आवाज उतरवून ते म्हणाले, "तुमाले तं मालूमच असंल. दोन वर्सापासून तुम्हीच तं मोजून राहिले."

तेव्हा शहराच्या चहूबाजूंनी जमिनी सरकारी कामांसाठी जाणार, कुणाच्या आज, कुणाच्या उद्या, अशा बातम्या असत. आणि इथे एक साहेब दर रविवारी येतो, पावलांनी शेत मोजतो, वहीत पीक लिहितो. देवाजीभाऊंनी जो अर्थ लावला तो मीही लावला असता. दोन वर्षं ते कॅप्टनांना वांगी आणि कोथिंबीर बांधून देत होते, ती कशासाठी हेही आता कळलं.

"मी सरकारचा मानूस नाही गा," कॅप्टन म्हणाले.

"हो जी, हो," देवाजीभाऊ समजुतीने म्हणाले. "तुमाले सांगता नाही येत. समजते आमाले."

कॅप्टन एका खड्ड्याच्या काठावर बसले. त्यांनी कंगवा काढला आणि मिशांवरून न फिरवताच परत ठेवला. ज्या जागेवर त्यांनी सगळ्यात जास्त भरवसा ठेवला होता, ती त्यांच्याच मोजण्याने बुडवली होती. मग ते उठले आणि तुमच्या आईला हाताला धरून पुढे आणलं.

"हे पोट्टी पाहा. एखाद दिवशी हिचं इंजिन गेलं तं ही इथं येईन. दुसरी जागा नाही हिले. तिकडं तार, तिकडं भट्टी. मी हिच्यासाठी मोजतो गा. तुह्या वावरासाठी नाही."

देवाजीभाऊंनी वर आभाळाकडे पाहिलं. बोलल्या त्या त्यांच्या बायको, विहिरीवरून, हातातली बादली तशीच धरून.

"काहून वं बाई, बंद पडते काय ते?"

"पडू शकतं, काकू," तुमची आई म्हणाली.

"अन तरी जाते तू?"

"हो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ही तुही माय? कशी पाठवते वं माय हिले?"

 मी फक्त त्यांच्याकडे पाहत राहिले. त्याही बघत राहिल्या, आणि मग नवऱ्याला म्हणाल्या, "मधल्या दोन ओळी बुजवा."

"अवं, पन मोबदला..."

"दोन ओळीनं काय होते? बुजवा म्हन्ते ना."

कॅप्टनांनी तिथल्या तिथे पावलं टाकली. दोन ओळी गेल्या तर मधे चोवीस पावलांची पट्टी मोकळी राहत होती. "पुरते," ते म्हणाले. पुढचे दोन रविवार ते, तुमची आई आणि देवाजीभाऊ फावडी घेऊन खड्डे भरत होते. भरलेली माती कॅप्टन स्वतः चालून चालून दाबत. देवाजीभाऊंची तरी खात्री पटलेली नव्हतीच. "साहेब लय पक्के आहेत, शेवटपर्यंत नाही सांगितलं," असं ते काकूंना म्हणत, हे काकूंनीच मला पुढे हसून सांगितलं.

पाऊस यायला अजून पंधरा दिवस होते. मंगळवारची सकाळ होती, सातही वाजले नव्हते. मी कूलरमध्ये पाणी भरत होते. फोन वाजला. पलीकडे कॅप्टन होते आणि ते इंग्रजीत बोलत होते.

जमिनीवर उभं राहून त्यांनी माझ्याशी थँक्यू, मॅडमपलीकडे इंग्रजीचा एक शब्द कधी काढला नव्हता. पहिलं वाक्य पुरं होण्याआधीच मी चपला शोधू लागले. तीन लहान वाक्यं होती. मुलगी खाली आहे. शुद्धीवर आहे. बोलते आहे. मग इस्पितळाचं नाव. विशेषण एकही नव्हतं.

काय झालं ते मी नंतर तुमच्या आईकडून आणि काकूंकडून तुकड्यातुकड्यांनी जमवलं. ती एकटीच होती विमानात. जमीन सोडून तीनशे फुटांवर असताना इंजिन दोनदा खोकलं आणि त्याचा जोर गेला. पंखा फिरत होता, पण विमानाला ओढत नव्हता. तिने नाक खाली केलं. समोर तारा होत्या. ती थोडी डावीकडे सरकली, आणि त्या खड्ड्यांच्या रांगांमधून मोकळी पट्टी सरळ तिच्याकडे येत होती. काकू विहिरीवर होत्या. "आवाज ना काही," त्या म्हणाल्या, "घार उतरते तशी उतरली वं तुही पोरगी." दोन्ही पंख दोन्हीकडच्या खड्ड्यांच्या मधून गेले. काळी माती उन्हाने भेगाळलेली होती. पुढचं चाक एका भेगेत अडकून मोडलं आणि विमान नाक घासत थांबलं. काकूंनी तिला बाहेर ओढलं आणि हनुवटीवर स्वतःचा पदर दाबून धरला. तुम्ही आईच्या हनुवटीवरच्या ज्या रेघेवर बोट फिरवता ती तीच. आणि खांद्याजवळचं हाड मोडलं होतं.

इस्पितळात कॅप्टन तिच्या खाटेच्या पायथ्याशी उभे होते. चपलांवर, पॅंटवर काळी माती. दुखतंय का वगैरे त्यांनी काही विचारलं नाही.

"मागं पाह्यलं काय?"

 तुमची आई म्हणाली, "पाहिलं सर. एकदा. पट्टी दिसली. अगदी जवळ वाटली."

कॅप्टनांनी डोळे मिटले. "मंग?"

"मग चक्कीवाले काका आठवले. आज काय राहिलं, म्हणणारे. आणि पाय... पायच वळेनात सर. म्हणून सरळ गेले."

कॅप्टनांनी मान हलवली आणि बाहेर गेले. मी मागोमाग गेले. बाहेरच्या बाकावर बसून त्यांनी माझ्याजवळची पाण्याची बाटली घेतली आणि सगळी संपवली. मला त्यांचा राग आला होता.

"आता ती विमानात बसणार नाही," मी म्हटलं.

"ते तिले विचारा जी."

"तुम्ही तिला बोलावणार नाही."

"नाही बोलावनार," ते म्हणाले. "तुम्हीही अडवू नका. तिले तिचं पाहू द्या."

चौकशीला अधिकारी आले. इंजिनातला एक व्हॉल्व्ह अडकला होता, असं निघालं. त्यांच्यातल्या एकाने कॅप्टनांची निळी वही चाळली आणि विचारलं, "हे काय? देवाजी, संत्रा, दोन ओळी बुजवल्या?" कॅप्टन म्हणाले, "तिथंच उतरली पोरगी, साहेब." अधिकाऱ्याने वही मिटून दोन्ही हातांनी परत केली, असं तुमची आई सांगते.

कॅप्टनांनी शब्द पाळला. दीड महिना ते जिन्यावरून येत-जात होते, तब्येत विचारत होते, पण विमानाचा विषय काढत नव्हते. मीही काढला नाही. तुमची आई खिडकीत बसून त्यांची फेरी पाहत असे. मी तिच्याकडे पाही आणि काही विचारायचं धैर्य होत नसे. ती जाणार नाही, अशी मला आशा होती. आणि ती खरंच गेली नाही तर काय, याची भीतीही वाटे. कारण त्या खिडकीत बसलेली मुलगी माझ्या ओळखीची नव्हती.

मग एका सकाळी ती सहाच्या आधी उठली. पोळी खाल्ली. पिशवी खांद्याला लावली, दुखऱ्या नव्हे, दुसऱ्या. "येते आई," म्हणाली आणि बाहेर पडली. कॅप्टन वरच्या कठड्याशी उभे होते.  ती फाटकाबाहेर चार पावलं गेली आणि मला टेबलावर तिचं लॉगबुक दिसलं, ज्यात उडाल्याचे तास लिहितात. त्याच्याशिवाय तिला विमानात बसता येत नव्हतं.

मी ते उचललं आणि फाटकाशी आले. ती अजून हाताच्या अंतरावर होती. तिलाही आठवलं असावं, कारण ती थबकली. मी दोन पावलं पुढे जाऊन दिलं असतं तरी कोणाला काही वाटलं नसतं. किंवा ते मागे लपवून घरात गेले असते, तर कदाचित ती त्या दिवशी गेलीच नसती. दोन्ही माझ्या मनात आलं. मी काहीच केलं नाही. फाटकात उभी राहिले. ती मागे न पाहता चालू लागली, चक्कीपाशी उजवीकडे वळली आणि दिसेनाशी झाली. चक्कीवाले मोठ्याने म्हणाले, "आलं का पाखरू! काय राहिलं आज?" तिचं उत्तर ऐकू आलं नाही. मी पावलं मोजत राहिले. चारशे साठाच्या आसपास ती देवळाच्या बाजूने, समोरून, हसत आली. मी लॉगबुक तिच्या हातात दिलं. वरून कॅप्टन म्हणाले, "थँक्यू मॅडम."

पुढचं तुम्हाला माहीत आहे. आई आज जी मोठी विमानं चालवते ती तुम्ही पाहिली आहेत.

कॅप्टन निवृत्त झाल्यावर भिवापूरला आपल्या शेतात गेले. दर उन्हाळ्यात मिरचीचं पुडकं पाठवत. ते वारले त्याला आता दोन हिवाळे झाले. ती धावपट्टी बंद पडली आणि तिथे प्लॉट पडले. देवाजीभाऊंची जमीन कुणी घेतली नाही. संत्र्याची बाग मात्र लागली. गेल्या महिन्यात मी टॅक्सीने जाऊन आले. काकूंनी पिशवीभर संत्री दिली. देवाजीभाऊ म्हणाले, "साहेबाच्या वहीनं बाग दिली मले. पन कोनत्या खात्यात होते ते, अजून नाही समजलं."

निळी वही कॅप्टन भिवापूरला जाताना मला देऊन गेले, ती माझ्या कपाटात आहे. तुम्ही याल तेव्हा दाखवीन. आणि बागेतल्या मधल्या दोन ओळी अजून मोकळ्या आहेत.

तुमची,
आजी